रकाना क्रमांक अकरा

अर्जदार: दिगंबर सखाराम घाग, वय पन्नाशीच्या आत, शिक्षण बारावी (निकाल प्रतिकूल), व्यवसाय अर्जलेखन, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम.
सामनेवाली: सौ. रूपाली, माहेरची घाग, अर्जदाराची सख्खी धाकटी बहीण, शिक्षण बी. ए., पुढे एम. ए. (मानसशास्त्र), राहणार कोलशेत, ठाणे.
घटनेचा दिनांक: रूपालीचा बारावीचा निकाल लागल्यानंतरचा दुसरा सोमवार. नेमकी तारीख ज्या कागदावर होती, तो कागद पतपेढीत जमा आहे.
साक्षीदार: एक, आई, हयात. दोन, चाळीच्या मालकीणबाई पाटील मावशी, हयात, परंतु ऐकू कमी येते. तीन, आप्पा, म्हणजे आमचे वडील. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे साक्षीदार, ज्यांची साक्ष त्यांच्या हयातीत नोंदवून घ्यायची राहून गेली.

कल्याणच्या तहसील कचेरीबाहेर, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी, निळ्या ताडपत्रीखाली माझे टेबल गेली पंचवीस वर्षे आहे. या काळात माझ्या मसुद्यातील मजकूर अपुरा आहे म्हणून अर्ज परत आला, असे फारसे घडलेले नाही. माझ्या हाताने दोऱ्याने शिवलेल्या कागदांत पान इकडचे तिकडे गेले, असे तर आजवर एकदाच घडले. ते एकदा कसे घडले, हे मला अद्याप उमगलेले नाही, आणि तोच या लेखनाचा विषय आहे. गेल्या महिन्यात एक मुलगी वडिलांसह माझ्या टेबलाशी आली. तिला मानसशास्त्राच्या पदवीसाठी सात लाखांचे शैक्षणिक कर्ज हवे होते व त्यासाठी एक प्रतिज्ञापत्र हवे होते. मी लिहीत असताना तिने विचारले, "काका, तुम्ही एवढ्या लोकांचे कागद लिहिता. फिटतं का हो हे?" वडील तिला गप्प बस म्हणाले. मी चष्मा पुसला, प्रतिज्ञापत्र पूर्ण केले, ठरलेले पैसे घेतले आणि प्रत नंतर न्यायला ये, असे तिला सांगितले. वास्तविक हा प्रश्न माझ्याच घरात, माझ्याच समोर, एकदा पूर्ण चर्चिला गेलेला आहे.

आमची खोली पाटील मावशींच्या चाळीत कोपऱ्यातली होती. चाळीपुढच्या अंगणात मावशींची सुकट वाळत असे आणि तिचा वास आमच्या दप्तरांना, आप्पांच्या कारखान्याच्या गणवेशाला, आणि दुर्दैवाने आईच्या साड्यांनाही लागत असे. त्या साड्या आईच्या नव्हत्या. स्टेशनाजवळच्या एका दुकानातून ती फॉल लावण्यासाठी साड्या आणी आणि दाराच्या उजेडाला बसून शिवी. साड्यांना सुकटीचा वास लागू नये म्हणून ती त्या जुन्या चादरीत गुंडाळून ठेवी, आणि मावशी सुकट उलटवायला आल्या की दार लोटून घेई. आमच्या घरातील आवाज कोणते, असे मला कोणी विचारले, तर प्रथम मी कुकरची शिट्टी सांगणार नाही; सुई कापडातून ओढताना दोऱ्याचा जो बारीक सर्रर आवाज होतो, तो सांगेन. त्या आवाजावर मी दोनदा बारावीचा अभ्यास केला आणि दोनदा नापास झालो. जेवणात कुळथाची पिठी आणि भात, बुधवारी मावशींनी दिलेले काही ओले मासे. आप्पा कोलशेतच्या कारखान्यात कायम कामगार होते. ते जेवताना बोलत नसत, आणि आई जेवल्यानंतर पोट धरून भिंतीला टेकून बसे. तिचे पोट वर्षानुवर्षे दुखत असे. ओवा झाला, चूर्ण झाले, डॉक्टरांची पांढरी गोळी झाली. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की, पाहुणे आले म्हणजे आप्पा सहज सांगत, हिचं पोट आहे जरा.

रूपाली माझ्याहून दीड वर्षाने लहान. बारावीला तिने मानसशास्त्र हा विषय घेतला आणि घरावर प्रयोग सुरू केले. ताटात वीस वस्तू मांडायच्या, एक मिनिट दाखवायच्या, मग झाकायच्या आणि किती आठवतात ते विचारायचे. आप्पांना अकरा आठवल्या, मला तेरा. आईला एकोणीस आठवल्या, आणि विसाव्या वस्तूबद्दल ती म्हणाली की तो चमचा आपला नाही, मावशींचा आहे, परत द्यायला हवा. याच सुमारास रूपालीने मला सांगितले, "दादा, आईचं पोट दुखत नाही रे. ती बोलत नाही ना, ते दुखतं." मी त्यावर हसलो. मी तेव्हा नुकताच तात्यांच्या हाताखाली कचेरीबाहेर बसू लागलो होतो. तात्या म्हणजे त्या परिसरातील सर्वांत जुने अर्जलेखक. त्यांच्यापाशी मी कार्बन लावणे, तिकिटे चिकटवणे आणि दाभणाने भोक पाडून कागद शिवणे शिकत होतो. मला स्वतःविषयी आदर वाटू लागला होता. तो अद्याप कायम आहे.

निकाल लागला. रूपालीला चांगले गुण मिळाले आणि तिने जाहीर केले की बी. ए. मानसशास्त्रात करायचे. जवळच्या महाविद्यालयात तो विषय पूर्ण तीन वर्षे नव्हता. होता तो ठाण्याच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात. ठाण्यात वेड्यांचे इस्पितळ असल्यामुळे आमच्याकडे 'ठाण्याला पाठवणे' याचा अर्थ एकच होतो, हे वेगळे सांगायला नको. पाटील मावशी सुकट उलटवता उलटवता म्हणाल्या, "गो बाय, येऱ्यांचा अभ्यास कराला ठान्याला जातंस, परत येशील नं?" रूपाली म्हणाली, "मावशी, तुम्हाला न्यायलाच येईन." सगळी चाळ हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की, यातून पगार किती मिळतो. रूपालीला सांगता आले नाही. मी तिच्या वतीने म्हणालो की चौकशी करून कळवतो.

तीन वर्षांची फी, पुस्तके, पास मिळून नव्वद हजार होत होते. आप्पांचा पगार सहा हजार आठशे. तात्यांनी मला दोन मार्ग दाखवले. खोपटच्या एस.टी. डेपोमागे एक धर्मादाय संस्था होती, ती गरीब विद्यार्थ्यांची निम्मी फी भरत असे. उरलेल्या निम्म्यासाठी कोपरची एक पतपेढी शिक्षणासाठी कर्ज देई. दोन्हीकडे अर्ज आणि अर्जाला जोडून कुटुंबाच्या परिस्थितीचे निवेदन. येथे धंद्यातील एक गोष्ट वाचकांस सांगणे आवश्यक आहे. संस्थेला आपण गरीब आहोत हे पटावे लागते, आणि पतपेढीला आपण कर्ज फेडू हे पटावे लागते. म्हणजे एकाच घराचे एकाच दिवशी दोन वेगळे मजकूर. तात्या यात काही गैर मानत नसत. कागद मागणाऱ्याला काय वाचायचे आहे ते आपण लिहितो, असे ते म्हणत, आणि त्यांच्या वहीत दोन्ही प्रकारची वाक्ये तयार होती.

पतपेढीच्या छापील अर्जात रकाना क्रमांक अकरा होता: अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर अपेक्षित मासिक उत्पन्न. या रकान्याने मला जेवढा त्रास दिला तेवढा पुढे कोणत्याही न्यायालयीन कागदाने दिला नाही. अभियंत्याचे सांगता येते, परिचारिकेचे सांगता येते. मानसशास्त्राच्या पदवीधराचे कोणाला माहीत? महाविद्यालयातील कारकून म्हणाला, आम्ही फी घेतो, पगाराचे आम्हाला काय विचारता. अखेर डोंबिवली पूर्वेला एका जिन्यावर 'समुपदेशन' अशी पाटी दिसली. वर एक बाई होत्या. त्यांनी मला रुग्ण समजून बसवले, पाणी दिले आणि काय होते ते विचारले. मी उभा राहून माझे काम सांगितले. त्या म्हणाल्या की नुसत्या बी. ए.वर फारसे काही नाही, पुढे एम. ए. करावे लागते, त्यानंतर शिकाऊ काम, मग कुठे. मी विचारले, आपली फी किती. त्या म्हणाल्या, तासाला दोनशे. मी जिना उतरता उतरता हिशेब केला: तासाला दोनशे, दिवसाला आठ तास, महिन्याला सव्वीस दिवस. एक्केचाळीस हजार सहाशे. त्यांच्या दाराबाहेर एकही माणूस बसलेला नव्हता, हे मी पाहिले होते, परंतु हिशेबात धरले नाही. घरी येऊन मी ती रक्कम अक्षरी लिहिली आणि शेवटी 'मात्र' लिहिले.

दोन्ही निवेदने मी एकाच दुपारी तयार केली. संस्थेसाठीच्या निवेदनात, तात्यांच्या वहीतून घेतलेले, असे वाक्य होते: 'सदर कुटुंबात कित्येकदा दोन-दोन दिवस चूल पेटत नाही.' पतपेढीसाठीच्या निवेदनात आप्पा नामांकित कारखान्यात कायम असून गावी हापूसची सत्तावीस कलमे असल्याचे नमूद होते. कलमे तीन होती आणि तीही चुलत्यांच्या वाट्यात. आईच्या नावापुढे दोन्हीकडे सारखेच होते: व्यवसाय गृहिणी, उत्पन्न निरंक. आप्पांनी चारही ठिकाणी सह्या केल्या. वाचून पाहा म्हटले, तर म्हणाले, तू लिहिलंयस ना. मग मी दाभण घेतले, दोन संच समोर मांडले, आणि शिवले.

त्या सोमवारी पतपेढीत आप्पा, रूपाली आणि मी असे तिघे बसलो होतो. आप्पांनी अर्धी रजा टाकून इस्त्रीचा शर्ट घातला होता. व्यवस्थापक बर्वे हे सावकाश वाचणारे गृहस्थ होते. त्यांनी एक पान वाचले, उलटले, पुन्हा पहिले वाचले. मग चष्म्यावरून आप्पांकडे पाहून म्हणाले, "घाग, अकरा नंबरला एक्केचाळीस हजार सहाशे लिहिलंय. एवढं मलाही मिळत नाही, पण ते असू दे. इथे मागे लिहिलंय की तुमच्याकडे दोन-दोन दिवस चूल पेटत नाही. मग हप्ता कुठून भरणार?"

मला ऐकताक्षणी कळले. संस्थेचे निवेदन पतपेढीच्या अर्जाला शिवले गेले होते, आणि आधीच खोपटला पोचलेल्या संचात अर्थातच उलट झाले होते.

आप्पांनी त्या पानावरील स्वतःच्या सहीकडे पाहिले. मग म्हणाले, "साहेब, चूल नाही आमच्याकडे. गॅस आहे." सहीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि एक दिवस मी माझ्या पोरांना उपाशी झोपवलं नाही."

त्या वेळी बोलायला हवे होते ते मी. कागद माझे, अक्षर माझे, शिवण माझी. मी खिशातील पेनाचे टोपण उघडत आणि बंद करत होतो. रूपाली म्हणाली, "सर, माझी चूक झाली. दोन वेगळे कागद होते, मी एकत्र केले." ही साक्ष खोटी होती, हे मी येथे प्रथमच लेखी कबूल करतो. बर्वेंनी शिवण पाहिली, रूपालीच्या हातांकडे पाहिले, नंतर माझ्याकडे पाहिले. ते म्हणाले, "लिहिणाऱ्याचा हात चांगला आहे. त्याला सांगा, आता तुमच्या घराचं लिहून द्या. एकच कागद."

परतताना फाटकाशी आप्पांनी मला विचारले की, या दोन्हींतले खरे कुठले. मी म्हणालो, दोन्ही नाहीत. मग लिहिलेस कशाला, असे त्यांनी विचारले नाही. तेथून थेट ते दुसऱ्या पाळीला कामावर गेले, आणि त्या विषयावर माझ्याशी पुन्हा कधीही बोलले नाहीत. चार दिवसांनी खोपटहून पोस्टकार्ड आले: गावी सत्तावीस कलमे असून आपली सांपत्तिक स्थिती उत्तम असल्याचे वाचून समाधान वाटले, निधी अधिक गरजू विद्यार्थ्यांसाठी राखीव आहे. ते कार्ड पाटील मावशींनी साऱ्या चाळीत वाचून घेतले, आणि कलमांचे आंबे कधी देता म्हणून मला महिनाभर विचारले.

आता नव्वद हजार पूर्ण पतपेढीकडूनच घ्यावे लागणार होते. त्यानंतरच्या रविवारी दुपारी जेवणानंतर रूपालीने जमिनीवर कोरा कागद ठेवला. मी पेन काढले, तेव्हा ती म्हणाली, तू सांग, मी लिहिते. ही माझ्या व्यवसायाची पहिली आणि अखेरची रजा. तिने आप्पांना पगार विचारला, उचल विचारली, गावी पाठवतात ते विचारले. कलमे तीन लिहिली. मला विचारले, "दादा, तुझं? तात्या किती देतात?" मी नऊशे सांगितले. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि नऊशे लिहिले. तात्या मला बाराशे देत होते. (या प्रकरणाद्वारे सदर नोंदीत दुरुस्ती करण्यात येत आहे.)

मग आईची पाळी आली. मी सवयीने म्हणालो, निरंक. आई भिंतीला टेकून पोट धरून बसली होती. तिने विचारले, "निरंक म्हणजे काय रे?"

मी म्हणालो, "म्हणजे काही नाही. उत्पन्न नाही."

"मग नऊ वर्षं मी फॉल लावतेय, ते कशात लिहिलंस?"

रूपालीने कागद तिच्याकडे सरकवला. आईने सांगायला सुरुवात केली, आणि मग ती थांबेना. एका साडीचे बारा रुपये, दिवसाला तीन-चार साड्या, सणांच्या आधी सहा-सात. दुकानदाराने दिवाळीचे पैसे संक्रांतीला दिले ते वर्ष. माझी दोन्ही वर्षांची बारावीची परीक्षा फी त्यातून गेली ते. आप्पांचा इस्त्रीचा शर्टही त्यातलाच होता. हे सांगताना तिने आप्पांकडे पाहिले नाही आणि आप्पांनीही तिच्याकडे पाहिले नाही. ते नखाने चटईची काडी सोलत होते. मग आप्पा म्हणाले, "सगळं लिही." एवढेच.

शेवटी रकाना अकरा. मी म्हणालो की रकाना कोरा ठेवता येत नाही. एकतर आकडा, नाहीतर निरंक. रूपाली म्हणाली, "मला माहीत नाही, तर मी काय लिहू? माहीत नाही, असंच लिहिते." तो काही शासकीय शब्द नव्हे, हे मी तिला परोपरीने समजावले. तिने तरीही लिहिले, आणि पुढे: 'जे मिळेल त्यातून पहिला हप्ता देईन, कमी पडेल ते आई देईल.' बर्वेंनी तो कागद वाचून आईला पतपेढीत बोलावले, तिला सहकर्जदार केले आणि तिच्या नावाने पासबुक काढून दिले. आईने त्या पासबुकाला साडीच्या उरलेल्या कापडाचे कव्हर शिवले.

आता तोलून पाहू. पदवी मिळाल्यावर रूपालीला पहिली नोकरी लागली ती ठाण्यात फोनवरून तक्रारी ऐकण्याची, पाच हजार पाचशेवर. तिच्या शेजारच्या खुर्चीवरील मुलगा बारावी पास होता आणि त्यालाही तितकेच मिळत. हप्ता चोवीसशेचा, चार वर्षे. म्हणजे जवळपास निम्मा पगार अशा पदवीसाठी जाई, जी नसती तरी ती खुर्ची मिळाली असती. येथपर्यंतचा हिशेब कर्जाच्या विरोधात जातो, आणि मी तो तिला ऐकवलाही होता. ती म्हणाली, तक्रार करणारा नेमका कशावर चिडलाय ते मला त्याच्याआधी कळतं, मला शिव्या कमी पडतात. हे कुठल्या रकान्यात घालशील? पुढे ती एका विशेष मुलांच्या शाळेत गेली, पगार आणखी कमी झाला. एम. ए. केले ते लग्नानंतर, स्वतःच्या पैशाने. आज तिला किती मिळतात ते ती मला सांगत नाही. मीही विचारत नाही, कारण मग ती मला माझे विचारेल.

दुसऱ्या बाजूला आईचे पोट. ते आजही दुखते. फरक एवढाच की आता ती सांगते, आज कशाने दुखले, बहुधा माझ्यामुळे. या फरकाची किंमत नव्वद हजारांहून कमी धरायची की जास्त, आणि तो फरक पदवीने झाला की माझ्या चुकलेल्या शिवणीने, हे मला ठरवता येत नाही. कागद बरोबर शिवले गेले असते, तर दोन्ही अर्ज कदाचित मंजूर झाले असते, कर्ज निम्मे झाले असते, आणि आई दोन्हीकडे निरंक राहिली असती.

येथे सर्वांत अवघड बाब येते. रूपाली दुसऱ्या वर्षाला असताना एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "दादा, माणूस चुकतो तेव्हा नेहमी चुकूनच चुकतो असं नाही." मी विचारले, म्हणजे काय. ती म्हणाली, "तू दोनदा नापास झालेलास. मी पास झाले. शिवताना तुझ्या हातात काय होतं?" मी म्हणालो, दाभण. ती हसली आणि पुन्हा तो विषय तिने काढला नाही. त्या दुपारी दोन्ही संच माझ्या समोर होते. उजेड भरपूर होता. वरच्या पानावर मोठ्या अक्षरांत संस्था आणि पतपेढी असे मीच लिहिले होते. शिवण्याआधी मी एकदा थांबलो होतो, हे मला पक्के आठवते. कशासाठी थांबलो, ते आठवत नाही. ताटातील वीस वस्तूंपैकी ही एक मला आजही आठवत नाही.

सबब सामनेवालीस विनंती की, आपण या विषयाची रीतसर पदवी घेतलेली असून त्या पदवीच्या परतफेडीत अर्जदाराच्या बाराशेपैकी निदान नऊशेतून हातभार लागलेला आहे, हे ध्यानात घेऊन पुढील खुलासा लेखी द्यावा: त्या दुपारी माझी चूक झाली, की मी ती केली. आप्पांना विचारण्याची वेळ निघून गेली आहे. खुलासा फोनवर देऊ नये. फोनवर आपण हसता आणि मला अर्थ लागत नाही. तसेच ती मुलगी पुढच्या मंगळवारी प्रतिज्ञापत्राची प्रत नेण्यास येणार आहे. फिटतं का, या तिच्या प्रश्नावर काय सांगावे, तेही कळवावे.

आपले उत्तर येईपर्यंत तो रकाना मी कोरा ठेवला आहे.

अर्जदार,
दिगंबर सखाराम घाग